पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

ताई, नमस्कार.

मी ३१ वर्षांची, डोंबिवलीत राहते. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत आठ वर्षं अकाउंट्सला आहे. कंपनीत सव्वाशे माणसं आहेत. मला साडेचार महिन्यांची मुलगी आहे. बाळंतपणाची रजा मेअखेर संपते, १ जूनला हजर व्हायचंय. माझ्या हातात ३८,००० रुपये येतात. मिस्टर ऐरोलीला नोकरीला असतात, त्यांना ५२,००० मिळतात. घराचा हप्ता २४,००० आहे. आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर एक पाळणाघर आहे, ते महिन्याला ९,००० मागतात. फी, पास, रिक्षा आणि वरकामाच्या बाईंचे पैसे माझ्या पगारातून वजा केले तर २३,००० उरतात. तेवढ्यासाठी तान्ह्या पोरीला दिवसभर परक्याकडे ठेवायचं का, असं जो तो विचारतो.

सासूबाई तासगावजवळ गावी असतात. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्यांना इकडे येऊन राहता येत नाही. त्या म्हणतात, "पोरीला माझ्याकडं आणून सोडा, शाळेच्या वयाची झाली की न्या." त्यांनी स्वतः द्राक्षबागेत काम करत चार मुलं वाढवली. जाऊबाई मुलं झाल्यापासून घरीच बसून आहेत. त्या एक दिवस म्हणतात "सोडू नकोस गं नोकरी", आणि दुसऱ्या दिवशी विचारतात "तुझा जीव राहील का तिला टाकून?" ऑफिसातून साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, "सहा महिने घरबसल्या पगार दिलाय, आता आल्या आल्या राजीनामा देऊ नका." मिस्टर स्वभावाने चांगले आहेत. ते म्हणतात, "तू ठरव. तू जे ठरवशील त्याला माझा पाठिंबा आहे."

रात्री पाजताना जायचं ठरवते, सकाळी तिला आंघोळ घालताना नाही जायचं ठरवते. आणि सारखी एक भीती वाटते. दिवसभर दुसरीच्या मांडीवर राहून ती मला विसरेल का? त्या बाईंनाच आई समजेल का?

– एक आई, डोंबिवली

---

माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते.

तुझ्या पत्रात सासूबाई बोलतात, जाऊबाई बोलतात, साहेब बोलतात. नवऱ्याचं मात्र एकच वाक्य आहे आणि नेमकं तेच मला सगळ्यात जास्त लागलं. "तू ठरव, माझा पाठिंबा आहे." ऐकायला फार छान वाटतं. अडवत नाही, रागावत नाही, आपल्या आईची बाजूही घेत नाही. पण नीट बघ. मूल दोघांचं, घराचा हप्ता दोघांचा, आणि ठरवायचं मात्र तू एकटीने. उद्या पोरीला पाळणाघरात सर्दी झाली की म्हणायला मोकळे, "तुझंच ठरलं होतं ना?" आणि नोकरी सोडलीस आणि तीन वर्षांनी हप्ता जड जायला लागला, तरी तेच. तो मुद्दाम असं करतोय असं मी म्हणत नाही. भल्या माणसांच्या तोंडूनही हे वाक्य येतं, कारण मूल कुणी सांभाळायचं हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल असं त्यांना कधी कुणी शिकवलेलंच नाही. त्याच्या ऑफिसात एकाने तरी त्याला विचारलं का, "आता बाळाचं काय करणार?" तुला आजवर किती जणांनी विचारलं?

म्हणून आधी त्याला समोर बसव. रात्री पोरगी झोपल्यावर, टीव्ही बंद करून, कागद-पेन घेऊन. आणि सांग, "मला पाठिंबा नको, तुझं मत हवंय. तू तिच्यासाठी रोज काय करणार ते हवंय."

त्या कागदावर पहिली ओळ फीची लिही. पाळणाघराचे ९,००० रुपये तू तुझ्या ३८,००० मधून का वजा केलेस? तुमच्या दोघांचे मिळून ९०,००० येतात. फी त्यातला दहावा हिस्सा आहे. घराचा हप्ता दोघांच्या पैशांतून जातो, वीजबिल दोघांच्या पैशांतून जातं, मग मुलीला सांभाळायचा खर्च एकट्या आईच्या पगाराला का? हे वजाबाकीचं गणित मी गेली तीस वर्षं बायकांच्या तोंडून ऐकते आहे. सगळ्या जणी ते मन लावून, अगदी प्रामाणिकपणे करतात. आणि दर वेळी उत्तर एकच येतं, की आपण जवळजवळ फुकटच राबतोय. फी दोघांत वाटून घे, म्हणजे 'तेवढ्यासाठी' हा शब्द गळून पडेल.

आणि २३,००० हाही खरा आकडा नाही. कंपनी तुझ्या पीएफमध्ये दर महिन्याला भर घालते. कंपनीच्या मेडिक्लेमवर तुझं, कदाचित मुलीचंही नाव असेल. दर वर्षी पगार थोडा का होईना वाढतो. यातलं काही त्या वजाबाकीत धरलेलं नाही. दुसरीकडे, तू थांबलीस तर ५२,००० मधून २४,००० चा हप्ता गेल्यावर २८,००० त तीन माणसांचा महिना काढायचा आहे. काढता येतो, अनेक घरं काढतात. पण ते दोघांनी मिळून, आकडा डोळ्यांसमोर ठेवून ठरवायला हवं.

आता माझं मत सांगते, कारण त्यासाठीच तू पत्र लिहिलंस. १ जूनला कामावर जा, आणि पुढच्या जूनपर्यंत राजीनाम्याचा विषय घरात काढायचा नाही असं दोघांनी ठरवा. रोज रात्री नव्याने निर्णय घ्यायला लागला की माणूस थकतो. वर्षभर तरी ते ओझं डोक्यावरून उतरव.

आणि मुलीला तासगावला ठेवू नकोस. सासूबाईंची माया खरी आहे, त्यात मला शंका नाही. पण तुझं पाजणं एकदम तुटेल. तिला बसता येऊ लागणं, रांगणं, पहिला शब्द हे सगळं तुम्हाला व्हिडिओवर दिसेल. आणि तीन वर्षांची झाल्यावर जिला ती आई मानते, जे घर आपलं मानते, तिथून उचलून तिला फ्लॅटमध्ये आणाल. तेव्हा ती ज्या रडण्याने रडेल त्याच्यापुढे पाळणाघराच्या दारातलं रडणं काहीच नाही. गुडघे गेलेल्या नवऱ्याचं सगळं करून वर रांगतं मूल सांभाळणं सासूबाईंनाही झेपणार नाही. हे त्यांना तुझ्या नवऱ्याने सांगायचं, तू नाही. त्याची आई आहे.

सासूबाईंना तू मात्र एक विचार. द्राक्षबागेत छाटणीच्या, डिपिंगच्या (घड औषधात बुडवायच्या) दिवसांत त्या सकाळपासून रानात असायच्या, तेव्हा तान्हं मूल कुणाजवळ असायचं? टोमणा म्हणून नको, मनापासून विचार. सासूजवळ, थोरल्या जावेजवळ, आठ वर्षांच्या नणंदेच्या कडेवर, नाहीतर बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत, असंच काहीतरी उत्तर येईल. आपल्याकडे कष्टकरी घरातली आई चोवीस तास मुलाजवळ कधीच नव्हती. तिच्या भोवती माणसं होती. तुझ्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ती माणसं नाहीत, म्हणून ९,००० रुपये मोजावे लागताहेत, एवढंच.

आणि पाळणाघर हे काही शहरी बायकांचं खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा चालवत होत्या, तेव्हा त्यांना दिसलं की सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नाहीत, आल्या तर कडेवर भावंड घेऊन येतात. आईबाप मजुरीवर गेलेले. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. आपल्या या दोन बायकांनी इतक्या वर्षांपूर्वी, इतक्या गरिबीत हे केलं. 'परक्याच्या हाती मूल' हे शब्द ऐकले की मला ते कोसबाड आठवतं.

साहेबांच्या फोनने तू ओशाळली आहेस, ते पत्रातून जाणवतं. ओशाळू नकोस. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला, गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. १९६१ साली देशाचा कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांचे २६ झाले. तुला मिळालेला पगार ही साहेबांची मेहेरबानी नव्हे. त्याची परतफेड म्हणून तुला कामावर जायचं नाहीये, तसं समजून जाऊही नकोस.

कायद्यात आणखी काही गोष्टी आहेत, त्या एचआरला ईमेलने विचार, तोंडी नको. जिथे ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी आहेत तिथे कंपनीने पाळणाघराची सोय करायची असते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असतं. तुमच्याकडे सव्वाशे माणसं आहेत. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर आपसात ठरवून काही काळ घरून काम करता येतं, आणि अकाउंट्सचं बरंचसं काम तसं आहे. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी आणखी दोन वेळा मोकळीक मिळते. मला विचारशील तर सकाळच्या गर्दीच्या लोकलमधून सहा महिन्यांचं मूल वागळे इस्टेटला नेणं शहाणपणाचं नाही, त्यामुळे कंपनीच्या पाळणाघराचा तुला उपयोग कमीच. पण त्याऐवजी फीचा काही भाग द्याल का, असं विचारता येतं. आणि त्या दोन मोकळिकींत दूध काढून ठेवायला कडी लागणारी एक स्वच्छ खोली मागता येते. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तर ऑफिसात का नसावा? टॉयलेटमध्ये बसून दूध काढायचं नाही, हे आधीच मनाशी ठरव.

माझ्या वेळी यातलं काही नव्हतं. १९८९ साली मुलगा झाला तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो आणि माझं ऑफिस व्हीटीजवळ होतं. रजा १२ आठवड्यांची. तो अडीच महिन्यांचा असताना मी परत गेले. दुपारी तीनच्या सुमाराला पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजायचं, आणि मी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून लेजर लिहीत बसायची. शेजारच्या टेबलावरच्या बाई काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवायच्या.

पहिलं पाळणाघर मी घाईत निवडलं. जवळ होतं, बाई गोड बोलत होत्या. महिन्याभराने एकदा हाफ डे घेऊन न कळवता दुपारीच गेले. पडदे ओढलेले, एका खोलीत अकरा मुलं, आणि सगळी झोपलेली. चार वर्षांचीसुद्धा. एकही आवाज नाही. माझ्या मुलाचं दुपटं ओलं होऊन गार पडलं होतं. मी त्याला तसाच उचलला तो परत तिथे ठेवला नाही. पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी आळीपाळीने रजा काढल्या, आणि मग समोरच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एक काकू मिळाल्या. चारच मुलं घ्यायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या एका पोराला मांडीवर घेऊन मेथी निवडत होत्या आणि त्याला प्रत्येक काडी दाखवून काहीतरी सांगत होत्या. ते पोर सहा महिन्यांचं होतं, त्याला मेथीतलं काय कळणार? पण ते टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

म्हणून तुला सांगते, ते दहा मिनिटांवरचं पाळणाघर सकाळी अकराला, सगळं आवरलेलं असताना बघू नकोस. दुपारी चारला जा, न सांगता जा, आणि नवऱ्याला घेऊन जा. भिंतीवरचे मिकी माउस आणि सीसीटीव्ही बघू नकोस. तान्ह्या मुलांमागे हात किती आहेत ते बघ. एका बाईकडे तीनपेक्षा जास्त रांगती-तान्ही असतील तर माझ्या मते ते फार झालं. रडणारं मूल किती वेळाने उचललं जातं? बाई मुलांशी बोलतात का, की नुसत्या एकमेकींशी? बाथरूमचा वास घे. गॅस कुठे आहे, खिडकीला ग्रिल आहे का, दार सताड उघडं असतं का? बाई आजारी पडल्या तर कोण असतं? मदतीला येणारी मुलगी किती दिवसांपासून आहे? ही माणसं सारखी बदलत असतील तर तान्ह्या मुलाला त्याचा त्रास होतो, त्याला ओळखीचा एक हात लागतो. ताप आला तर आधी फोन करतील ना, की स्वतःच कुठलं तरी औषध पाजतील? हे स्पष्ट विचार, संकोच करू नकोस. चांगल्या बाईंना अशा प्रश्नांचा राग येत नाही. शक्य झालं तर तिथून मूल न्यायला आलेल्या एखाद्या आईला जिन्यात गाठ.

पाळणाघराने मुलं बिघडतात का, याचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. १९९१ साली जन्मलेली तेराशेहून अधिक मुलं पंधरा वर्षांची होईपर्यंत त्यांनी पाहिली. फक्त आईने सांभाळलेली मुलं आणि इतरांनीही सांभाळलेली मुलं यांच्या वाढीत एकंदरीत मोठा फरक दिसला नाही. घर कसं आहे, आई-बाप मुलाशी कसे वागतात, याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसला. सांभाळणाऱ्याचा दर्जा चांगला असेल तर बोलणं, शिकणं थोडं पुढे होतं. आणि फार तास पाळणाघरात काढलेली मुलं थोडी जास्त भांडखोर निघाली. हे शेवटचंही मी तुझ्यापासून लपवत नाही, कारण तुझ्या बाबतीत खरी काळजी पाळणाघराची नाही, तासांची आहे.

समज, तू सकाळी आठला निघणार आणि संध्याकाळी सात-सव्वासातला परत. ते अकरा तास झाले. सहा महिन्यांच्या पोरीला अकरा तास फार होतात. ते नऊच्या आत आणायचे, आणि तिथे नवरा लागतो. सकाळचं त्याचं. तू लवकर निघ, त्याने तिला उठवून, पुसून, कपडे बदलून, पिशवी भरून सव्वानऊला सोडायचं. मग त्याला ऑफिसला थोडा उशीर होईल, तर त्याने त्याच्या साहेबांना विचारायचं. तू तुझी वेळ तासाभराने अलीकडे ओढून घे, म्हणजे सहा-सव्वासहाला तिला आणशील. आणि पाळणाघराच्या वहीत पहिला मोबाइल नंबर त्याचा लिहायचा. ही बारीक गोष्ट वाटेल, पण फोन कुणाला येतो यावर पुढचं खूप काही ठरतं.

कारण आता जे सांगते ते मी सगळ्यात कळकळीने सांगते. तू जूनमध्ये सुरू करणार, म्हणजे पावसात. पाळणाघरात नव्याने गेलेलं मूल पहिले काही महिने सारखं आजारी पडतं. सर्दी, ताप, जुलाब, पुन्हा सर्दी. पाळणाघर तापात घेत नाही, आणि घेऊही नये. मी पाहिलेले बहुतेक राजीनामे जुलै-ऑगस्टमधले आहेत. पोर तापलेलं, लोकल बंद पडलेल्या, महिन्यातली चौथी रजा, साहेबांचं तोंड वाकडं, आणि बाई कंटाळून म्हणते, जाऊ दे, नकोच. हिशेब करून, विचार करून कुणी नोकरी सोडत नाही, अशा एखाद्या बुधवारी सोडते. तेव्हा त्या कागदावर आत्ताच लिहा: पहिल्या आजारपणाची रजा त्याची, दुसरी तुझी, तिसरी पुन्हा त्याची. आणि ऑगस्टमधल्या एखाद्या आठवड्यासाठी तुझ्या आईला येशील का म्हणून मे महिन्यातच विचारून ठेव.

पाजण्याचं थोडं. १ जूनला ती साधारण साडेपाच महिन्यांची असेल. सहा महिने पूर्ण होईपर्यंत निव्वळ दूधच द्यायचं, म्हणून शिल्लक रजा असेल तर आणखी दोन आठवडे मागून बघ. नाही मिळाली तरी बिघडत नाही. आत्तापासून दिवसातून एकदा दूध काढायची सवय कर. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत राहतं. बाहेर चार तास म्हणतात, पण आपल्या उकाड्यात तेवढंही धरू नकोस. गॅसवर तापवायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेवायची. बाटली टाळता आली तर टाळ. आपलं वाटी-चमचा किंवा बोंडलं उत्तम. आणि ते तू पाजू नकोस, नवऱ्याला पाजू दे, तू त्या वेळी खोलीच्या बाहेर जा. तुझा वास आला तर ती वाटीला तोंड लावणार नाही. सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, मऊ भात, मुगाच्या वरणाचं पाणी सुरू झालं की दुपार सोपी होते. सकाळी निघताना आणि आल्या आल्या पाजायचं, रात्रीचं आहेच.

मेच्या शेवटच्या दहा दिवसांत तिला तिथे रोज घेऊन जा. आधी तासभर तुझ्यासकट, मग तुझ्याशिवाय तासभर, मग जेवणाच्या वेळेपर्यंत. या वयात मुलं तशी लवकर रुळतात. परक्याला बघून ओठ काढणं पुढे आठव्या-नवव्या महिन्यात सुरू होतं. तोवर पाळणाघरातल्या काकू तिच्या ओळखीच्या झालेल्या असतील.

जाऊबाईंबद्दल तू 'घरीच बसून आहेत' असं लिहिलंस. तो शब्द एकदा तपासून बघ. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं त्यात धरलेलंच नाही, ते वेगळं. जाऊबाई बसलेल्या नाहीत. त्या एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरं बोलतात, कारण त्यांच्याही मनात ते अजून मिटलेलं नाही. कधीतरी दोघीच बसा आणि त्यांना त्यांचं विचार.

मीही घरी राहिले आहे. धाकटीच्या वेळी, १९९४ ते १९९७. ती तीन वर्षं मला फार आवडली. दुपारी ती माझ्या पोटावर झोपायची आणि मी हलायची नाही, हात बधिर झाला तरी. त्या दुपारी मी कुणाला विकत दिल्या नसत्या. पण पहिल्याच वर्षीच्या भाऊबीजेला भावाने ताटात १०१ रुपये घातले, आणि रात्री माझ्या लक्षात आलं, की वर्षभरात 'माझे' म्हणावेत असे पैसे हे एवढेच. नवरा एका पैशाला नाही म्हणत नव्हता. मीच मागत नव्हते. आईला साडी घ्यायची होती, ती मी घेतली नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

म्हणून पुढच्या जूनमध्ये दोघांनी विचार करून तू थांबायचं ठरवलंस, तर तेही मी तितकंच चांगलं मानीन, फक्त दोन-तीन गोष्टी आधी पक्क्या कर. दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी एक ठरलेली रक्कम तुझ्या एकटीच्या खात्यात न मागता जमा व्हायला हवी. नोकरी सुटण्याआधी घरचा आरोग्य विमा घेतलेला असावा. पीएफ काढून हप्त्यात घालू नकोस. पेन्शन योजनेत तुझं नाव असेल तर दहा वर्षं भरावी लागतात, तुझी आठ झालीत, पुन्हा नोकरी लागली की पुढची त्यात धरली जातात. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं कधीच भरली आहेत, ती तुझी आहे. आणि परत कधी सुरू करायचं याचा महिना-वर्ष लिहून ठेव. मी लिहिलं नव्हतं. तीन वर्षांनी परतले तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी माझी वरिष्ठ होती. तिने मला फार सांभाळून घेतलं, पण पहिला महिना मी रोज ट्रेनमध्ये रडले.

राहिली तुझी भीती, ती तुला विसरेल याची.

माझा मुलगा त्या काकूंकडे चार वर्षं होता. काकूंवर त्याचा फार जीव होता, आणि मला सुरुवातीला त्याचा हेवा वाटायचा. तुलाही वाटेल. त्याने पहिलं पाऊल त्यांच्या घरात टाकलं. मला ते माहीत नव्हतं. दोन दिवसांनी आमच्या ओट्याला धरून तो सुटला तेव्हा मी तशीच पिठाच्या हातांनी धावत जाऊन त्यांना बातमी दिली, आणि त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे डोळे मोठे केले. तो दहावी झाल्यावर त्यांनी मला खरं सांगितलं. संध्याकाळी माझ्या चपलांचा आवाज जिन्यापाशी आला की हातातलं काय असेल ते टाकून तो स्वतःच्या चपला शोधायला लागायचा. काकू म्हणायच्या, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका याच वेळेला येतात, याला तुमच्याच कशा कळतात कोण जाणे.

पहिल्या दिवशी पिशवीत झबली-लंगोटांबरोबर तुझी एक ओढणी ठेव, दोन दिवस वापरलेली, न धुतलेली. ती पाळण्यात टाकायची नाही. पाळणाघरातल्या काकूंना सांग, तिला झोपवताना ही ओढणी तुमच्या खांद्यावर घ्या.